कानाचा मालक कोण?

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट आहे. रात्रीचीं जेवणें आटोपलीं होतीं, घरांतील मंडळी आपापल्या उद्योगास लागली होती, आणि आम्ही माडीवरील खोलींत मोबाईलला हेडफोन लावून एक जुनें कीर्तन ऐकत बसलों होतों. ध्वनिमुद्रण जुनें असल्यामुळें बुवांचा आवाज मधूनमधून दूर गेल्यासारखा वाटे. म्हणून आम्हीं आवाज एक पायरी चढविला, दुसरी चढविली; तिसरी चढवावयास गेलों तों कांचेवर एक चौकट उमटली. मोठ्या आवाजांत फार वेळ ऐकल्यास श्रवणशक्तीस अपाय होण्याचा संभव आहे, तरी आवाज आणखी वाढवावयाचा काय, अशा अर्थाचा मजकूर तींत होता. आम्ही चष्मा शोधूं लागलों. तेवढ्यांत आमचा नातू (वय वर्षें पंधरा) खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "आजोबा, तें वाचावयाचें नसतें. ‘ओके’ दाबून टाकावयाचें!" आणि असें म्हणून त्यानें स्वतःच तें दाबलेंहि.

दुसरे दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं हा विषय निघाला. आमचे थोरले चिरंजीव म्हणाले, "ही चौकट मला फार छळते. मी गाडी चालवीत असतों, फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असतो, आवाज चढवावा तर ही पुढें येऊन उभी! तिच्यावर बोट दाबल्याशिवाय आवाज पुढें सरकत नाहीं. आतां मीं रस्त्याकडे पाहावें कीं फोनकडे? फोन माझा, पैसे माझे, कान माझे. मग मध्यें बोलणारा हा तिसरा कोण?"

सूनबाईंचें मत अगदीं उलट पडलें. त्या म्हणाल्या, "मामंजी, मला तर वाटतें कीं ही सूचना कोणाला बंदच करतां येऊं नये. हा मुलगा रात्रीं कानांत तीं बोंडें घालूनच झोंपतो. आम्हीं सांगितलेलें ऐकत नाहीं, निदान यंत्राचें तरी ऐको!"

दोघांच्याहि म्हणण्यांत आम्हांस तथ्य दिसलें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हाच वाद याच शब्दांत होत असेल, म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा ‘तिसरा’ कोण, तें पाहूं. कानाला लावून ऐकावयाच्या यंत्रांच्या आवाजास कायद्यानें मर्यादा घालण्याचा विचार फ्रान्स देशांत बराच आधीं झाला. तेथें १९९६ च्या कायद्यानें अशा यंत्रांचा आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊं नये असें ठरलें. पुढें २००९ सालीं युरोपीय आयोगानें या बाबतींत सर्व सभासद देशांस लागू पडेल असें मानक तयार करण्यास सांगितलें, आणि २०१३ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या नव्या यंत्रांस तें लागू झालें. त्याचा मथितार्थ असा, कीं यंत्र आपण होऊन ८५ डेसिबलपर्यंतच आवाज देईल. त्याच्या पुढें जावयाचें असल्यास ऐकणाऱ्यानें सूचना पाहून तशी स्पष्ट संमति दिली पाहिजे. संमति दिल्यावरहि १०० ही शेवटची हद्द राहील. आणि ऐकण्याचे एकंदर वीस तास भरले कीं ती सूचना पुन्हां दाखविली जाईल. फोन करणारे कारखानदार सर्व जगासाठीं माल काढतात, म्हणून युरोपांत जन्मलेली ही चौकट आमच्या माडीवरहि येऊन पोंचली. मात्र सर्वत्र नियम एक नाहीं. कांहीं देशांत ती बंद करण्याची सोय फोनमध्यें असते, कांहीं देशांत नसते. म्हणजे हा तिसरा कोणी एक मनुष्य नसून तो एक कायदा आहे, आणि तोहि परदेशाहून आलेला!

परदेशाहून आला म्हणून तो त्याज्य ठरत नाहीं. त्यामागील गणित पाहिलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ या दोन संस्थांनीं मिळून २०१८ सालीं सुरक्षित श्रवणाचें एक मानक सिद्ध केलें. प्रौढ मनुष्यानें आठवड्यांत ८० डेसिबलचा आवाज ४० तासपर्यंत ऐकावा, आणि लहान मुलांसाठीं हीच मर्यादा ७५ डेसिबल धरावी, असें त्यांत सांगितलें आहे. आतां डेसिबलची मोजणी शेर-पायलीसारखी सरळ नाहीं. तीन डेसिबल वाढले कीं ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ऐकण्याचा काळ निम्मा करावा लागतो. ८० ला ४० तास, तर ८३ ला २० तास आणि ८६ ला १० तास. दहा डेसिबल वाढले कीं ऊर्जा दसपट होते, म्हणून ९० ला ४ तासच उरतात. आणि १०० डेसिबलला? ऊर्जा शंभरपट झाली, तेव्हां चाळीस तासांचा शंभरावा हिस्सा, म्हणजे अवघीं २४ मिनिटें. तींहि दिवसाचीं नव्हेत, सबंध आठवड्याचीं! कांचेवरील पट्टीवर ८० आणि १०० यांमध्यें बोटभरहि अंतर दिसत नाहीं. सारा घोटाळा तेथेंच होतो.

हा खर्च कोठून होतो, तेंहि समजून घेतलें पाहिजे. कानाच्या आंत गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते, आणि तिच्यांत सुमारें पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या लाटांनीं त्या डोलतात, आणि तें डोलणेंच मेंदूकडे ‘ऐकणें’ म्हणून जातें. अतिशय आवाजानें त्या थकतात. मिरवणुकींतून घरीं आल्यावर कानांत शिटी वाजल्यासारखें होतें, तें बहुधा याच थकव्याचें लक्षण असतें. थकलेल्या पेशी विसांव्यानें पुन्हां ताठ होतात. परंतु ज्या मरतात त्या कायमच्या गेल्या. कोंबडीसारख्या पक्ष्यांत त्या नव्यानें उगवतात. मनुष्याला ही देणगी नाहीं. शिवाय ही झीज दुखत नाहीं. दांत किडला तर ठणका लागतो, पण कान झिजतो तो मुकाट्यानें, आणि त्याचा पत्ता लागतो तो वर्षानुवर्षांनंतर.

येथें आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. मुलांच्या तोंडून ‘श’ च्या जागीं ‘स’ निघाला कीं शेवटच्या बांकावरूनहि आम्हांस तो खटके, आणि या गोष्टीचा आम्हांस अभिमान असे. तीन वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या नातीनें एक स्तोत्र पाठ करून आम्हांस म्हणून दाखविलें. आम्ही संतोषानें म्हणालों, "वा! उच्चार अगदीं शुद्ध!" सूनबाई स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत, परंतु मागाहून मुलीला जवळ घेऊन त्यांनीं तिचे चार-पांच शब्द नीट करून दिले. प्रत्येक शब्दांत तोच दोष, ‘श’ चा ‘स’. पोर सबंध स्तोत्र तसेंच म्हणाली होती आणि आम्हांस एकदांहि तें कळलें नव्हतें!

तेव्हां आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं यंत्रानें तपासून एक आलेख हातीं दिला. त्याची रेघ खालच्या पट्टीच्या स्वरांपाशीं ठीक होती. उंच पट्टीकडे जातां जातां ती उतरणीला लागली होती. डॉक्टर म्हणाले कीं वय झालें कीं बहुधा असेंच होतें, आणि मोठ्या आवाजानें झिजलेल्या तरुण कानाचीहि सुरुवात बहुतेक याच उंच भागापासून होते. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेंत सांगावयाचें तर स्वर शाबूत राहतात आणि ऊष्म वर्ण आधीं जातात. अकार-आकार हे सखल आणि बलवान्‌ ध्वनि. श, ष, स हे उंच आणि क्षीण. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकूं येतो पण शब्द कळत नाहीं. तो "मोठ्यानें बोला" म्हणतो. मंडळी मोठ्यानें बोलतात. स्वर तेवढे मोठे होतात आणि व्यंजन हरवलेलें तें हरवलेलेंच राहतें. मग तो मनुष्य चिडतो, मंडळी कंटाळतात, आणि भरल्या घरांत तो एकटा पडतो. बहिरेपण म्हणजे केवळ कानाचें दुखणें नव्हे, तें सबंध कुटुंबाचें दुखणें आहे, हें आम्हीं त्या वर्षीं अनुभवलें. म्हाताऱ्याच्या वांट्याला हें आलें तर तो वयाला बोल लावील. पण पंधरा वर्षांच्या मुलानें तें आपल्या हातानें ओढवून कां घ्यावें? अयोग्य रीतीनें ऐकण्यामुळें शंभर कोटींहून अधिक तरुण माणसांच्या श्रवणशक्तीस धोका आहे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

इतकें ऐकल्यावर वाचक म्हणतील, मग सूनबाईंचाच पक्ष खरा. सूचना सक्तीची असावी आणि कोणास ती बंद करतां येऊं नये. परंतु चिरंजीवांच्या तक्रारींत जें सत्य आहे तेंहि नाकारतां येत नाहीं. फोनला पुष्कळदां हेंच कळत नाहीं, कीं आपल्याला काय जोडलें आहे. तार कानांत गेली आहे कीं दिवाणखान्यांतील मोठ्या स्पीकरला, याचा त्याला बोध नसतो. बिनतारी जोडणींतहि गाडीच्या स्पीकरला तो हेडफोन समजून बसतो. दोन हेडफोनांची शक्ति सारखी नसते. एकाच खुणेवर एक कुजबुजतो आणि दुसरा ओरडतो. आमचें तें कीर्तन मुळांतच हळू आवाजांत मुद्रित झालें होतें. पट्टी वर गेली होती, पण कानांत पडणारा आवाज बेताचाच होता. ज्यांना मुळांत कमी ऐकूं येतें त्यांची अडचण तर आणखीच निराळी. सारांश, ही सूचना खऱ्या धोक्याच्या वेळीं जशी येते तशी नसलेल्या धोक्याच्या वेळींहि येते. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आम्हीं मुलांना किती वेळां सांगितली असेल! तीच गोष्ट हा फोन रोज करून दाखवीत असतो. खोट्या हाकेला सरावलेलें बोट खरी हाकहि न वाचतां ‘ओके’ दाबतें. आमच्या नातवाचें बोट तसें सरावलेंच आहे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. शेजाऱ्यानें गच्चीवर कर्णा लावला तर त्यास आवरण्याचा अधिकार सरकारास निःसंशय आहे. आपल्या देशांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे, आणि ती योग्यच आहे. कारण तेथें एकाच्या हौसेनें दुसऱ्याचा कान जातो. हेडफोनांत मात्र ज्याची हौस त्याचाच कान. सज्ञान मनुष्यानें सर्व समजून उमजून कांहीं करावयाचें ठरविलें, तर त्यास समजावून सांगण्याचा अधिकार इतरांस आहे. परंतु त्याचा हात धरण्याचा अधिकार आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र ‘समजून उमजून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जी झीज दुखत नाहीं, दिसत नाहीं, आणि जिचा हिशेब कोणी दिलेला नाहीं, तिला मीं समजून संमति दिली असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

आमच्या जुन्या साहित्यशास्त्रांत उपदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मम्मटाचार्यांचा काव्यप्रकाश ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ते ठाऊक असतील: प्रभुसंमित, सुहृत्संमित आणि कान्तासंमित. धनी हुकूम करतो, कारण सांगत नाहीं. मित्र कारण सांगतो. असें केलेंस तर असें होईल, असा हिशेब पुढें ठेवतो, आणि निर्णय आपल्यावर सोपवितो. प्रिय पत्नी गोडीनें मन वळविते. यांपैकीं तिसरा प्रकार काव्याचा, आणि यंत्राकडून त्याची अपेक्षा करणें हास्यास्पद होईल! परंतु आज फोनवर येणारी ती चौकट पहिल्या प्रकारची आहे: ‘अपाय होईल, दाब किंवा थांब.’ किती आवाज, किती वेळ, आजवर किती झालें, याचा एक अक्षरानें उल्लेख नाहीं. ती दुसऱ्या प्रकारची झाली पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आनंदाची गोष्ट ही, कीं त्या दिशेनें पाऊल पडलें आहे. आयफोनांत २०२० पासून हेडफोनच्या आवाजाचा सात दिवसांचा हिशेब ठेवून मर्यादा भरली म्हणजे कळविण्याची सोय झाली. २०२३ सालच्या अँड्रॉईड १४ मध्येंहि पट्टीची खूण न पाहतां एकंदर मात्रा मोजण्याची व्यवस्था आली. औषधाची मात्रा मोजावी तशी ही आवाजाची मात्रा. हें सुहृदाचें लक्षण झालें. यापुढें प्रौढ मनुष्यास तीन गोष्टी करतां आल्या पाहिजेत: आपला हिशेब पाहणें, जोडलेली वस्तु हेडफोन नसून स्पीकर आहे हें फोनला एकदांच सांगून ठेवणें, आणि सर्व माहिती वाचल्यावर ती सूचना हवी तर बंद करणें. मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्या बाबतींत किल्ली वडील माणसांच्या हातीं असावी. हीहि कल्पना नवी नाहीं. २००६ सालींच ॲपल कंपनीनें आपल्या आयपॉडमध्यें, आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ती गुप्त अंकांनीं बंद करून ठेवण्याची सोय आईबापांस दिली होती. सध्यांच्या पुष्कळ फोनांतहि तशी सोय असते. आपल्या घरांतील फोनांत ती कोठें आहे, हें सूज्ञ पालकांनीं एकदां शोधून ठेवावें.

परंतु किल्ली हातीं आली म्हणजे काम झालें असें नव्हे, हेंहि आम्ही अनुभवानेंच सांगतों. त्या सकाळीं आम्हीं जन्मभराच्या संवयीप्रमाणें हुकूम सोडला, "आजपासून रात्रीं हेडफोन बंद!" नातू म्हणाला, "हो आजोबा." त्याच्या त्या ‘हो’ मध्यें आणि त्यानें दाबलेल्या ‘ओके’ मध्यें कांहींएक अंतर नाहीं, हें आम्हांस त्याच रात्रीं कळून आलें. मग दोन दिवसांनीं आम्हीं त्यास कागद-पेन्सिल घेऊन बसविलें आणि वरील गणित त्याच्याकडूनच सोडवून घेतलें. शेवटीं २४ मिनिटें आलीं तेव्हां आपलें कांहीं चुकलें असेल असें वाटून त्यानें तें पुन्हां केलें. मग स्वतःच्या फोनमधील आठवड्याचा हिशेब त्यानें आम्हांस न सांगतां उघडून पाहिला. तो मर्यादेच्या दीडपट निघाला. आम्ही गप्प राहिलों. आवाजाची मर्यादा त्यानेंच आपल्या हातानें खालीं आणली. पुढें क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशीं ती वर गेली, आणि दोन दिवसांनीं पुन्हां खालीं आली. आम्हीं तेव्हांहि कांहीं म्हटलें नाहीं. पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास हें गप्प राहणें किती कठीण जातें, तें आमच्या व्यवसायबंधूंसच ठाऊक!

वाचकांच्या घरगुती उपयोगासाठीं चार गोष्टी लिहून ठेवतों. आवाज पूर्ण पट्टीच्या साठ टक्क्यांच्या आंत ठेवावा. बसमध्यें किंवा गाडींत भोंवतालच्या गोंगाटावर मात करण्यासाठीं आवाज चढविण्यापेक्षां कानास नीट बसणारे, बाहेरचा गोंगाट अडविणारे हेडफोन वापरावे. मात्र रस्त्यानें चालतांना ते कानांत असूं नयेत. मधून मधून कानास विसांवा द्यावा. आणि कानांत शिटी वाजूं लागली, किंवा घरांतील मंडळी एकच गोष्ट दोनदां सांगूं लागली, तर मानापमान न मानतां तपासणी करून घ्यावी.

या शेवटच्या उपदेशाचे पहिले अपराधी आम्हीच. डॉक्टरांनीं त्याच वेळीं सांगितलें होतें कीं फोनचा आवाज चढवून तुमचा ‘श’ परत येणार नाहीं, उरलेंसुरलें तेवढें जाईल. तुम्हांस श्रवणयंत्र पाहिजे. परंतु ‘मास्तरांना ऐकूं येत नाहीं’ हें लोकांस दिसेल या संकोचानें आम्हीं तीन वर्षें तें टाळलें आणि पट्टी चढवीत राहिलों. म्हणजे आम्हांसहि सूचना मिळाली होती आणि आम्हींहि ती न वाचतां ‘ओके’ दाबलें होतें! नातवास गणित घातल्यावर मात्र आम्हांस स्वतःची लाज वाटली. गेल्या आठवड्यांत आम्हीं यंत्र घेतलें. पहिले दोन दिवस भांड्यांचा आवाज आणि वर्तमानपत्राची सळसळ यांनीं जीव नकोसा झाला. आतां संवय होत आहे.

काल संध्याकाळीं देवापुढें दिवा लागल्यावर नातीनें तेंच स्तोत्र पुन्हां म्हटलें. तिचे ‘श’ सगळे जागच्या जागीं होते. एका ‘ष’ वर मात्र ती अडखळली. आम्ही तिला थांबविलें.